चारचौघांचा आधार : गाडगेबाबा

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी जाणोरकरांचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. अकोला जिल्ह्यात दापुऱ्यास मामांची गुरे राखीत वाढलेल्या या पोरक्या मुलास भजनाने सावरले. पुढे मुलीच्या बारशास त्यांनी रूढ मद्यमांसाऐवजी गोडाचे जेवण घातले. जातभाईंचा रोष पत्करणे तेव्हा सोपे नव्हते.

१९०५ साली घर सोडल्यावर कीर्तनात ते कर्ज, व्यसन, नवस यांविषयी प्रश्न विचारीत आणि समोरचे कष्टकरी स्वमुखाने उत्तरे देत. घरी कबूल न होणारे तेथे चारचौघांत उच्चारले जाई. त्या कीर्तनाचे खरे बळ हेच असावे.

१९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला.