पोरांना नाटकातून धडा शिकवणारे गुरुदेव : रवींद्रनाथ टागोरांची झाडाखालची शाळा

राष्ट्रगीत लिहिणारे आणि नोबेल मिळवणारे कवी म्हणून रवींद्रनाथ टागोरांना गावोगावची शाळकरी पोरं ओळखतात. पण या माणसाने आयुष्याची शेवटची चाळीस वर्षं एक शाळा चालवण्यात घातली, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या शाळेत कविता नुसती पाठ करून भागत नसे. ती मोठ्याने वाचायची, गायची, आणि नाटक असेल तर स्वतः उभं राहून करायचं. बायकोचे दागिने, पुरीचं घर, नोबेलचा पैसा, सगळं या शाळेच्या कामी आलं.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कोलकात्यात जोडासांको इथल्या वाड्यात झाला. घर श्रीमंत, घरात लिहिण्या-वाचण्याचं आणि गाण्याचं वातावरण. पण शाळेत मात्र या पोराचं मन कधी लागलं नाही. एका शाळेत तास सुरू होण्याआधी सगळ्या मुलांकडून एक इंग्रजी गाणं म्हणून घेत. अर्थ एकालाही कळत नसे. म्हणता म्हणता त्या शब्दांची पार मोडतोड झाली आणि तोंडात नुसते आवाज उरले. रवींद्रनाथांना हे म्हातारपणापर्यंत आठवत होतं. चार शाळा पालथ्या घातल्या आणि चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली ती सुटलीच.

मग साहित्य शिकवलं कोणी? पहिला मान जातो घरच्या एका नोकराला. ईश्वर त्याचं नाव. तो आधी गावाकडे शाळामास्तर होता. संध्याकाळी एरंडेलाच्या दिव्याभोवती पोरांना बसवून तो कृत्तिवासाचं बंगाली रामायण मोठ्याने वाचायचा. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात, तसंच. पोरं पुढे काय होतंय म्हणून श्वास रोखून ऐकायची. पुढे घरी येणाऱ्या एका मास्तरांनी शेक्सपिअरचं मॅकबेथ नाटक त्यांना बंगालीत समजावून सांगितलं. तेवढा भाग बंगाली पद्यात उतरवेपर्यंत ते या पोराला खोलीत कोंडून ठेवत. ते भाषांतर घेऊन रवींद्रनाथांना थेट ईश्वरचंद्र विद्यासागरांपुढे वाचून दाखवायला नेण्यात आलं. कानाने ऐकलेलं आणि तोंडाने म्हटलेलं साहित्य अंगात मुरतं, हे त्यांना असं लहानपणीच उमगलं.

महाराष्ट्राशीही त्यांचा जुना संबंध. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी इंग्रजी बोलण्याची सवय व्हावी म्हणून ते मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले. त्यांची मुलगी अन्नपूर्णा हिने त्यांना इंग्रजी बोलायला शिकवलं. मोठे भाऊ सत्येंद्रनाथ आपल्या भागात न्यायाधीश होते. त्यांच्याकडे सोलापूरला मुक्कामी असताना १८८९ मध्ये रवींद्रनाथांनी राजा ओ रानी हे नाटक लिहिलं.

२२ डिसेंबर १९०१ रोजी बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, बोलपूरजवळ शांतिनिकेतन इथे त्यांनी शाळा काढली. जमीन तांबडी, मुरमाड, पाण्याची ओढ असलेली. सुरुवातीला विद्यार्थी पाच, त्यातला एक स्वतःचा मुलगा रथींद्रनाथ. वर्ग झाडाखाली भरत. पैसा नव्हता. पत्नी मृणालिनीदेवींनी अंगावरचे दागिने काढून दिले. वर्षभरातच, नोव्हेंबर १९०२ मध्ये, त्या वारल्या. पुढच्या वर्षी मुलगी रेणुका गेली. शाळा मात्र बंद पडली नाही.

शिकवण्याची त्यांची पद्धत वेगळी होती. इंग्रजी शिकवायचं तर आधी पुस्तक नाही. मास्तराने इंग्रजीत सांगायचं, पोराने ऐकून तसं करून दाखवायचं. ऊठ, चाल, दार उघड, हे सगळं अंगाने करत भाषा शिकायची. त्यासाठी त्यांनी स्वतः पुस्तकं लिहिली, ती मास्तरांच्या उपयोगाची. दिवस मावळल्यावर गोष्टी, गाणी, नकला, छोटी नाटकं चालत. मुलं स्वतः लिहिलेलं सभेत वाचून दाखवत. रवींद्रनाथ नवं काही लिहिलं की मास्तर आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवत. नाटकाच्या तालमी उघड्यावर व्हायच्या. बघायला कुणालाही बंदी नव्हती. त्यामुळे ज्यांना काम मिळालं नाही अशा चिल्ल्यापिल्ल्यांनाही सगळी गाणी पाठ होऊन जात.

१९०७ च्या वसंत पंचमीला त्यांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ आणि त्याच्या सोबत्यांनी एक खेळ रचला. कुणी वसंत झाला, कुणी पाऊस झाला. वेश करून, गाणी म्हणून त्यांनी ऋतूंचा उत्सव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंगेर इथे पटकीने शमी गेला. अकरा वर्षांचाही झाला नव्हता. रवींद्रनाथांनी दुःख गिळलं आणि १९०८ मध्ये शाळेच्या पोरांसाठी शारदोत्सव हे नाटक लिहिलं. शरद ऋतूची सुट्टी लागलेली, सगळी पोरं हुंदडायला निघालेली, आणि एक पोरगा मात्र मेलेल्या गुरूचं कर्ज फेडायला पोथ्या नकलत बसलेला, अशी ती गोष्ट. मुलाने सुरू केलेला ऋतूंचा खेळ बापाने असा पुढे नेला. या नाटकात संन्याशाचं काम रवींद्रनाथांनी स्वतः केलं. मास्तर आणि विद्यार्थी एकाच नाटकात बरोबरीने उभे राहत. ज्या मास्तरासोबत सोंग घेतलं, त्याची दुसऱ्या दिवशी वर्गात भीती कशाला वाटेल?

वाट सोपी नव्हती. १९११ च्या सुमारास पूर्व बंगाल आणि आसामच्या इंग्रज सरकारने गुप्त परिपत्रक काढलं, की सरकारी नोकरांनी आपली मुलं या शाळेत घालू नयेत. नोकरीच्या धाकाने कित्येकांनी पोरं काढून नेली. त्याच काळात त्यांनी डाकघर हे नाटक लिहिलं. आजारी पोरगा अमल खिडकीत बसलेला असतो. वैद्याने बाहेर जायला बंदी केलेली. तो रस्त्याने जाणाऱ्या दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुलं वेचणाऱ्या मुलीशी बोलतो आणि राजाचं पत्र येईल म्हणून वाट बघतो. कोलकात्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा जोडासांकोच्या वाड्यात याचा प्रयोग झाला. तो बघायला गांधीजी आणि लोकमान्य टिळकही होते.

१९१३ ला नोबेल मिळालं. तो पैसा त्यांनी पतिसर इथल्या शेतकऱ्यांच्या बँकेत ठेवला. शेतकऱ्याला सावकारापेक्षा स्वस्त कर्ज आणि व्याज शाळेला, असा हिशेब. १९१६ मध्ये बांकुडा जिल्ह्यात दुष्काळ पडला, तेव्हा शाळेच्या मंडळींनी कोलकात्यात फाल्गुनी नाटकाचा प्रयोग करून दुष्काळग्रस्तांसाठी पैसे उभे केले. आंधळ्या बाउलाचं काम रवींद्रनाथांचं. १९२१ मध्ये शाळेच्या शेजारी विश्वभारती उभी राहिली आणि १९२२ मध्ये जवळच शेती व गावसुधारणेसाठी श्रीनिकेतन सुरू झालं. तिथे नांगरणीचा उत्सव होऊ लागला, आणि कवीने स्वतः नांगर धरला.

मुलींचा प्रश्न अवघड होता. चांगल्या घरची मुलगी लोकांसमोर नाचणार, ही गोष्ट तेव्हा खपत नव्हती. १९२६ मध्ये त्यांनी नटीर पूजा हे नाटक मुलींसाठी लिहिलं. राजाची बंदी मोडून एक नर्तकी बुद्धाची पूजा नाचून करते आणि जीव देते. कोलकात्यात प्रयोग करायचा तर टीका होणार, हे उघड होतं. रवींद्रनाथांनी नाटकात एका भिक्षूचं पात्र घातलं आणि ते काम स्वतः घेतलं. बोलणारे काय ते मलाही बोला, अशा थाटात पासष्टीचा हा म्हातारा मुलींसोबत रंगमंचावर गेला. टीका झालीच. पण त्यानंतर मुलींना रंगमंचावर येणं सोपं झालं.

पैशाची चणचण शेवटपर्यंत राहिली. १९३६ मध्ये पंचाहत्तरीला आलेले रवींद्रनाथ मुला-मुलींचा संच घेऊन गावोगाव प्रयोग करत दिल्लीला पोचले. या वयात ही वणवण बघून गांधीजींना राहवलं नाही. त्यांनी साठ हजार रुपयांची सोय करून दिली आणि म्हाताऱ्याचा दौरा थांबवला.

७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथ गेले. त्यांची नाटकं मात्र पोरांच्या तोंडी राहिली, आणि ती फक्त बंगालात नाही. १८ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या वॉर्सा शहरात, नाझींनी भिंत घालून कोंडलेल्या ज्यूंच्या वस्तीत, यानुश कोर्चाक नावाच्या डॉक्टरांनी आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांकडून डाकघर करवून घेतलं. भुकेने खंगलेली पोरं अमल झाली, दहीवाला झाली. तीनच आठवड्यांच्या आत त्या सुमारे दोनशे मुलांना गाडीत घालून मारायला नेलं. कोर्चाक यांना सुटायची संधी होती, पण ते मुलांसोबत गेले. मरण समोर दिसत असताना मुलांना धीर द्यायला त्यांनी हे नाटक निवडलं होतं. बंगालच्या मुरमाड माळावर, पोरांबरोबर नाटकं करणाऱ्या एका मास्तराने ते लिहिलं होतं.

रवींद्रनाथांच्या वर्गाला ना इमारत होती, ना पडदा. एक झाड, एक पुस्तक आणि मोठ्याने वाचणारा माणूस, एवढ्यावर तो सुरू झाला. एवढं तर आपल्या कुठल्याही वाडी-वस्तीवरच्या शाळेत आजही आहे.