सूर धरून ठेवणारे खाँसाहेब

गॅदरिंग जवळ आलं की होस्टेलात कुणीतरी नव्यानं बेस गिटार हातात घेतो आणि बोटं पळवायला लागतो. चार मात्रांचा एकच सूर आला की मात्र कंटाळतो. अशांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचं चरित्र जरूर वाचावं.

त्यांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. त्या गावावरूनच किराणा घराणं हे नाव पडलं. बडोदा दरबार सोडून ते महाराष्ट्रात आले. १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, पुढे मिरजेत राहिले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे.

खाँसाहेब तानपुरे बारकाईनं जुळवत आणि एकेका सुरावर निवांत थांबत. घाई नाही. थांबणं हेच त्यांचं गाणं.

बेसचंही तसंच आहे. तार छेडली म्हणजे काम संपलं नाही. चार मोजेपर्यंत डावं बोट दाबलेलंच हवं. ढिलं पडलं की सूर मेला. पुढच्या एकला तार हातानं थांबवायची. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवाला सूर धरतो, म्हणून गाणारा बिनधास्त गातो. बेसवाल्याचं काम तेच.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडेचेरीला जाताना खाँसाहेबांना बरं वाटेना. वाटेत सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर ते उतरले आणि तिथंच गेले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. तीन-तीन मिनिटांची त्यांची ध्वनिमुद्रणं आजही मिळतात. आधी ती ऐका, मग गिटार उचला!