‘आपकी जय’ आणि व्यसनमुक्तीचे शास्त्र

सातपुड्याच्या पायथ्याशी तळोदा तालुक्यात मोरवड हे गाव आहे. आजचा नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये झाला. त्याआधी हा भाग धुळे जिल्ह्यात आणि इंग्रजांच्या काळात पश्चिम खानदेशात होता. 1930 च्या दशकात इथे भिल्ल समाजातील गुलाम महाराजांनी लोकांना दारू सोडायला शिकवले.

मोहाची दारू घराघरात गाळली जाई. सण, लग्न, पाहुणचार तिच्याशिवाय होत नसे. अशा समाजात नुसता उपदेश टिकला नसता. महाराजांनी लोकांना एकत्र आणले. ठरलेल्या दिवशी सामूहिक आरती, रोज अंघोळ, स्वच्छ राहणी आणि भेटल्यावर एकमेकांना ‘आपकी जय’ म्हणणे, अशी साधी शिस्त त्यांनी लावली. आरतीला हजारोंची गर्दी होऊ लागली. 1938 मध्ये महाराजांचे निधन झाले. पण चळवळ थांबली नाही. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ती पुढे नेली.

ही शिस्त का उपयोगी पडते, याचे उत्तर मेंदूच्या कामात सापडते. दारू प्यायल्यावर मेंदूत डोपामिन हे रसायन वाढते. तीच वेळ, तीच जागा, तीच सोबत पुन्हा पुन्हा मिळाली की मेंदू त्या खुणा लक्षात ठेवतो आणि खूण दिसताच तलफ येते. जुनी सवय सहसा पुसली जात नाही. तिच्या जागी दुसरी रुजवावी लागते. संध्याकाळच्या बैठकीऐवजी आरती, पेल्याऐवजी नमस्कार, आणि आजूबाजूचे सगळेच न पिणारे, म्हणजे खुणाच बदलतात. रोज तेच केल्याने नवी वाट पक्की होते.

शरीरही साथ देते. दारूमुळे यकृतात साठलेली चरबी, पिणे पूर्ण थांबवल्यास बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत कमी होते. काही महिन्यांत झोप, स्मरणशक्ती, लक्ष सुधारू लागते. मात्र यकृत कठीण होऊन आकसले असेल, तर ते सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून लवकर सोडण्याला महत्त्व आहे.

एक काळजी मात्र घ्यावी. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, भास, आकडी असे त्रास होऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. अशांनी सरकारी रुग्णालयात दाखवून, औषधांच्या आधाराने दारू सोडावी.

औषध पहिले काही दिवस सांभाळते. त्यानंतरची वर्षे सांभाळायला घर, शेजार आणि गाव लागते. गुलाम महाराजांनी नेमके तेच उभे केले होते.