दादासाहेब गायकवाड : काळारामनंतरची चाळीस वर्षे

द्वारका चौकातून मुंबई नाक्याकडे निघाले की जवळच भाभानगरात कर्मवीर दादासाहेब गायकवाड सभागृह आहे. नाशिकच्या आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांनी इथे एखादा तरी मेळावा ऐकला असेल, खुर्च्या लावल्या असतील, रात्री उशिरा बॅनर उतरवले असतील. पण सभागृहाला ज्यांचे नाव आहे ते दादासाहेब कोण, असे विशीतल्या मुलामुलींना विचारले तर उत्तर काळाराम सत्याग्रहापाशी थांबते. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. त्यानंतरची चाळीस वर्षे त्यात येतच नाहीत. महापालिकेची निवडणूक जवळ आली की वस्त्यांमध्ये घरकुलाचे अर्ज फिरू लागतात, सगळ्या पक्षांचे लोक पट्ट्याचे आश्वासन घेऊन दारात उभे राहतात आणि आपलेच कार्यकर्ते चार झेंड्यांखाली विभागले जातात. हे सारे समजून घ्यायचे तर ती चाळीस वर्षे वाचावी लागतात.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. त्यांच्या पिढीला गावातल्या राहत्या जागेचा अर्थ वेगळा शिकवावा लागला नाही. महारवाडा गावकुसाबाहेर. वतनाची जमीन तुटपुंजी, आणि तिच्या बदल्यात साऱ्या गावाची रात्रंदिवस चाकरी. चाकरी नाकारली की जमिनीवर, पाण्यावर, रस्त्यावर बंदी. म्हणजे डोक्यावरचे छप्परसुद्धा गावाच्या मर्जीवर. बाबासाहेब महार वतनाविरुद्ध का उठले आणि दादासाहेब पुढे आयुष्यभर जमिनीचाच प्रश्न का धरून बसले, याचे मूळ इथे आहे.

२ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा भाऊराव सत्याग्रह समितीचे सचिव होते. वय अवघे सत्तावीस. मंदिराच्या चारही दरवाजांवर तुकड्या बसवायच्या, गावोगावहून येणाऱ्या माणसांच्या जेवणाची सोय पाहायची, अटक झालेल्यांच्या घरी कोण जाणार ते ठरवायचे, ही कामे त्यांची. बाबासाहेब त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. नाशिकचा लढा मागे चालत राहिला तो भाऊरावांसारख्यांच्या बळावर. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. ती वाचताना जाणवते की हा नुसता आदेश घेणारा अनुयायी नव्हता. बाबासाहेब त्यांच्याशी डावपेचही बोलत आणि मनातली निराशाही. मंदिर प्रवेशाचा लढा पुरे करून राजकारण आणि शिक्षणाकडे वळावे, हे १९३४ साली त्यांनी भाऊरावांनाच कळवले. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

१९३७ मध्ये भाऊराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. हा पक्ष आपल्या तरुणांनी नीट अभ्यासायला हवा. त्याच्या नावात जात नव्हती, मजूर होता. खोती रद्द करा म्हणून कोकणातल्या कुळांना त्याने मुंबईत आणले आणि त्या मोर्चात कम्युनिस्टही बरोबर होते. दादासाहेबांचे राजकीय शिक्षण या पक्षात झाले. पुढे त्यांच्यावर डावेपणाचा शिक्का मारणारे हे सोयीस्करपणे विसरले.

१९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. १९५७ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर होते. दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. याच काळात खेड्यापाड्यांत एक मोठी गोष्ट घडत होती. बौद्ध झालेल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, येसकरकी सोडली. गावांनी बहिष्कार घातले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. जुनी बेडी तुटली, पण पायाखाली जमीन आली नाही. ज्यांना गावात राहणे अशक्य झाले ते मुंबई, पुणे, नाशिकला आले आणि नाल्याच्या काठी, रेल्वेच्या कडेला, सरकारी पडीक जागेवर पत्रे ठोकून राहिले. शहरातल्या आपल्या बऱ्याचशा वस्त्यांचे मूळ या स्थलांतरात आहे. त्यामुळे गावातली गायरान जमीन आणि शहरातली झोपडी हे दोन प्रश्न नव्हेत.

१९५९ मध्ये दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. खानदेश, नाशिक, मराठवाड्यातून माणसे तुरुंगात गेली. सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना द्या, एवढी साधी मागणी. आणि नेमक्या याच वेळी पक्ष फुटला.

ही फूट आपल्याकडे दुरुस्त आणि नादुरुस्त या नावांनी ओळखली जाते. ॲड. बी. सी. कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गट दुरुस्त, दादासाहेबांचा गट नादुरुस्त. वरवर पाहता हा शिकलेल्यांचा आणि न शिकलेल्यांचा, सुटाबुटाचा आणि धोतराचा वाद होता, आणि तसा तो रंगवलाही गेला. आत प्रश्न खरा होता. कांबळे यांचे म्हणणे होते की बाबासाहेबांचा मार्ग घटनेचा आहे, रस्त्यावरचे जमीन सत्याग्रह आणि कम्युनिस्टांची सोबत पक्षाला भलतीकडे नेईल. ही भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. आपला माणूस दुसऱ्याच्या मोर्चात गर्दी म्हणून वापरला जाणे हे आपण आजही पाहतो. कांबळे हे स्वतः कायद्याचे जाणकार आणि बाबासाहेबांच्या कामातले माणूस होते. तरीही मला दादासाहेबांची बाजू पटते, कारण ज्याच्याकडे सातबारा नाही त्याला घटनेतला मालमत्तेचा हक्क वापरायलाच मिळत नाही. जमीन आणि निवारा हा आंबेडकरी प्रश्न आहे की नाही यावरच आंबेडकरी पक्षाचे दोन तुकडे व्हावेत, याची किंमत वस्त्यांनी मोजली.

दादासाहेब १९६२ पासून राज्यसभेत होते, पण लढा त्यांनी सोडला नाही. १९६४ मध्ये पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांची सनद दिली. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याचे नीट वाटप, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांची स्थिती सुधारा, ही मागणी त्याच कागदावर, त्याच दर्जाने. ६ डिसेंबर १९६४ रोजी देशभर सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली, असा चळवळीचा आकडा आहे. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या स्त्रिया जमिनीच्या या लढ्यात पुढे होत्या. पक्ष फुटलेला, पैसा नाही, आणि तरी एवढी माणसे निघाली. सरकारने आश्वासने दिली.

त्यातले काय मिळाले ते पाहा. तैलचित्र एप्रिल १९९० मध्ये लागले. बौद्धांना केंद्राच्या सवलतीही १९९० मध्येच मिळाल्या, म्हणजे सनदेनंतर सव्वीस वर्षांनी. जमीन आणि झोपडी या दोन मागण्या मात्र योजनांच्या जंगलात शिरल्या आणि अजून बाहेर आलेल्या नाहीत.

दादासाहेबांच्या आयुष्यातला जो भाग आपण जयंतीच्या भाषणात टाळतो तो यानंतरचा. १९६७ च्या सुमारास त्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी युती केली. ज्या सरकारविरुद्ध तुरुंग भरले त्याच पक्षाबरोबर जागावाटप. त्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. पक्षाचे तुकडे झाले होते, जमीन वाटायची तर सत्तेतल्या माणसाची सही लागते, आणि यशवंतरावांच्या सरकारने राज्याच्या पातळीवर बौद्धांना सवलती आधीच दिल्या होत्या. पण युतीत मोठ्या पक्षाने सनद घेतली नाही, माणसे घेतली. दादासाहेबांपाशी निदान लाखोंचा लढा तरी होता. त्यांच्यानंतर आलेल्या अनेक गटांनी लढा गाळला आणि फक्त वाटाघाट उचलली. एक जागा, एक महामंडळ, वॉर्डातले एक तिकीट.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्लीत दादासाहेबांचे निधन झाले. पाच महिन्यांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. रिपब्लिकन नेत्यांच्या फाटाफुटीला आणि काँग्रेसच्या दारातल्या फेऱ्यांना विटलेली ती मुले चाळी आणि झोपडपट्ट्यांत वाढलेली होती.

दादासाहेब गेले त्याच १९७१ सालचा महाराष्ट्राचा झोपडपट्टी कायदा आहे. त्याच्या नावातच सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास हे तिन्ही शब्द आहेत. कोणाची सुधारणा आणि कोणाचे निर्मूलन हे पुढे तारखांनी ठरू लागले. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. ही तारीख पुढे सरकवण्याची आश्वासने निवडणुकीत वाटली गेली. गायरानावरच्या अतिक्रमणालाही १४ एप्रिल १९९० ही तारीख लावली गेली, तीही बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने. तारखेच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघेही एकाच गल्लीत राहतात.

२००४ मध्ये राज्य सरकारने दादासाहेबांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन. सरकार ही जमीन खाजगी मालकाकडून विकत घेते. ठरलेल्या दरात जमीन विकायला कोणी तयार झाले तर लाभार्थ्याचे नशीब. दादासाहेब मागत होते ती सरकारच्या ताब्यातली पडीक जमीन होती.

शहरात रमाई आवास योजना आहे, पंतप्रधान आवासमधून स्वतः घर बांधण्याचे अनुदान आहे. दोन्हींचे अर्ज भरायला मदत करणारे आपलेच कार्यकर्ते आहेत आणि ते काम मोलाचे आहे. अर्जाबरोबर लावायच्या कागदांत घराखालच्या जागेच्या मालकीचा पुरावा मागितला जातो.