रुग्णसेवाव्रती डॉ. द्वारकानाथ कोटणीस

वेंगुर्ल्याच्या कोटणीस घराण्याचे नाव ज्यांनी थेट चीन देशापर्यंत पोहोचविले, त्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे चरित्र आपल्या किनाऱ्यावरील प्रत्येक घरात वाचले जावे, अशा योग्यतेचे आहे.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरास झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. जपानने चीनवर आक्रमण केले असता १९३८ साली राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तेथे धाडले. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी यांच्यासमवेत कोटणीस निघाले, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते.

१९३९ साली येनानला पोहोचून पुढे ते उत्तर चीनमधील आघाडीवर गेले. १९४० च्या लढाईत सलग ७२ तास निद्रा न घेता त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, ही हकीकत अनेकांस ठाऊक असते. परंतु जखमी मनुष्य एकट्या शस्त्रवैद्यामुळे वाचत नाही. त्याला डोलीतून आणणारे वाहक, उपकरणे उकळून ठेवणारा मदतनीस, औषध देणारा कंपाउंडर आणि रात्रभर उशाशी बसणारी परिचारिका, या सर्वांचे हात त्यास लागतात. कोटणीसांनी हे पुरते ओळखले होते. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेतून विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियाशास्त्रावर ग्रंथ लिहू लागले. कॅनडाचे थोर शस्त्रवैद्य डॉ. बेथून १९३९ साली तेथेच निवर्तले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ साली कोटणीसांकडे आली. शस्त्रवैद्य, शिक्षक व व्यवस्थापक अशी तिन्ही कामे त्यांनी एकाच निष्ठेने केली.

त्याच वर्षी त्यांनी ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. या बाई परिचारिका असून परिचर्येच्या शिक्षिकाही होत्या. १९४२ साली त्यांना पुत्र झाला. भारत व चीन या दोन्ही देशांची नावे गुंफून त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. परंतु अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, डॉक्टरांचे देहावसान झाले. दुसरा ग्रंथ अपुराच राहिला. पाचांपैकी चौघे मायदेशी परतले. कोटणीस मात्र परतले नाहीत.

प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर शाळेत मुले शिकविली. पुढे कोण होणार, असे विचारले की डॉक्टर म्हणणारी मुले पुष्कळ भेटली. परिचारिका होईन म्हणणारी मुलगी क्वचितच भेटली, आणि भेटली तरी घरच्यांनी तिचे मन वळविले. ज्या कोटणीसांचा आपण गौरव करतो, त्यांनी परिचारिकेस सहधर्मचारिणी म्हणून मानाने वरिले. आपल्या ज्ञातीतील एखाद्या कन्येने वा पुत्राने रुग्णालयातील असे एखादे काम पत्करण्याचे मनात आणले, तर वडीलधाऱ्यांनी त्यास कमीपणा न मानता आशीर्वाद द्यावा. या थोर पुरुषाचे स्मरण त्यानेच खरे सार्थ होईल.