मोटारींच्या शर्यतींतील महारथी ताझियो नुव्होलारी

वार्षिक क्रीडोत्सवाच्या दिवशीं शर्यत सुरू झाली म्हणजे दोरीबाहेर उभे असलेले विद्यार्थी धांवणाऱ्यांइतकेच धापा टाकूं लागतात, हें आम्ही दर वर्षीं पाहतों. धांवणारा दुसराच असतो, पण मुठी आपल्या वळतात, टांचा आपल्या उंचावतात. आणि मागें पडलेला एखादा मुलगा शेवटच्या वळणावर पुढें सरसावला कीं जी आनंदाची आरोळी उठते, तींत आपपरभाव उरत नाहीं. माणसाच्या या स्वाभाविक वृत्तीस मोटारींच्या शर्यतींनीं विसाव्या शतकांत एक प्रचंड रंगभूमि मिळवून दिली. तेथें लाखों लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. दुरून यंत्राची घरघर ऐकूं येते, पायांखालची जमीन हादरते, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच गाडी समोरून निघून जाते, आणि मागें जळक्या तेलाचा वास व छातींतली धडधड तेवढी राहते. हा रोमांच आपल्या काळच्या लोकांस ज्यानें भरभरून दिला, त्या एका इटालियन पुरुषाचें चरित्र आम्ही आज आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडीलमंडळीस सादर करीत आहों.

ताझियो नुव्होलारी याचा जन्म ता. १६ नोव्हेंबर १८९२ रोजीं उत्तर इटालींतील मान्तुआ शहराजवळच्या कास्तेल दारियो या गांवीं झाला. त्याचा चुलता ज्युसेप्पे सायकलींच्या शर्यतींत नांवाजलेला होता. वेगाची गोडी पुतण्यास त्याच्याकडूनच लागली असें म्हणावयास हरकत नाहीं. पहिल्या महायुद्धांत ताझियो सैन्यांतील जखमींच्या गाड्या हांकण्याच्या कामावर होता. १९१७ सालीं त्याचा विवाह कारोलिना पेरिना हिच्याशीं झाला, व त्या दांपत्यास जॉर्जो व आल्बेर्तो असे दोन पुत्र झाले. अंगकाठीनें तो ठेंगणा व सडपातळ होता. शर्यतीच्या मैदानांत तो उतरला तोही उशिरां, म्हणजे १९२० सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं. आणि तेंही मोटार नव्हे, तर मोटारसायकल घेऊन. त्या पहिल्या शर्यतींत त्याला शेवटपर्यंत पोंहोंचतांही आलें नाहीं. आरंभींच्या अपयशानें खचून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पांच वर्षांत चित्र पालटलें. १९२५ सालीं तो मोटारसायकलींच्या शर्यतींत युरोपचा विजेता ठरला. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत मोंझा येथें आल्फा रोमेओ कंपनीची मोटार चालवून पाहतांना गाडी रस्ता सोडून गेली व त्याची पाठ जबर जखमी झाली. अवघ्या कांहीं दिवसांवर तेथेंच मोटारसायकलींची मोठी शर्यत होती. नुव्होलारीनें डॉक्टरांकडून आपलें अंग पट्ट्यांनीं असें आवळून घेतलें कीं, त्याला गाडीवर बसल्यासारखें वांकून राहतां यावें. शर्यतीच्या वेळीं त्याला उचलून गाडीवर बसवावें लागलें. आणि तो जिंकला. हें साहस अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु देह दुबळा असला तरी निश्चय दुबळा असलाच पाहिजे असें नाहीं, एवढें तरी त्यावरून दिसतें.

पुढें मोटारींच्या शर्यती हेंच त्याचें कार्यक्षेत्र झालें. त्याच्या हातांत असें काय कौशल्य होतें कीं, त्याची गाडी वळणावर आली म्हणजे हजारों लोकांनीं श्वास रोखून धरावा? याचें उत्तर एन्झो फेरारी या पुढें प्रसिद्धीस आलेल्या मोटार-कारखानदारानें आपल्या आठवणींत दिलें आहे. १९३१ सालीं एका शर्यतीच्या सरावाच्या वेळीं फेरारी त्याच्या शेजारीं बसला होता. प्रत्येक वळणावर आतां आपण खड्ड्यांत जाणार अशी त्याची खात्री होई, आणि प्रत्येक वेळीं गाडी सुखरूप बाहेर पडे. इतर चालक वळण आलें कीं वेग आंवरीत. नुव्होलारी मात्र वळणाच्या पुष्कळ आधींच गाडीचें तोंड आंतल्या बाजूस वळवी, वेगाच्या कळीवरील पाय न उचलतां चारही चाकें एकदम घसरूं देई, आणि वळण संपतें न संपतें तों गाडी सरळ रस्त्यावर सुटलेली असे. पाहणारास हें निव्वळ धाडस वाटे. परंतु तें अंगांत पुरतें मुरलेलें गणित होतें.

फेरारीनें सांगितलेली आणखी एक गोष्ट मुलांस आवडेल. सिसिली बेटांतील तार्गा फ्लोरियो या डोंगराळ शर्यतींत नुव्होलारीबरोबर एक नवखा तरुण यंत्रज्ञ बसणार होता. वळण फार कठीण आलें तर आपण ओरडूं, तेव्हां त्यानें खालीं दडून बसावें, असें नुव्होलारीनें त्यास बजावलें. शर्यत संपल्यावर त्या तरुणास हकीकत विचारली असतां तो म्हणाला कीं, नुव्होलारी पहिल्या वळणावर जे ओरडूं लागले ते शेवटच्या वळणापर्यंत थांबलेच नाहींत, आणि त्यामुळें सारी शर्यत आपण खालीं दडूनच काढली!

ही तार्गा फ्लोरियो त्यानें १९३१ व १९३२ अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकली. इटालीच्या साध्या हमरस्त्यांवरून सुमारें हजार मैल धांवणारी मिल्ले मिल्या ही शर्यत त्यानें १९३० व १९३३ सालीं जिंकली, आणि १९३३ सालींच फ्रान्समध्यें ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत रेमों सोमेर याच्या जोडीनें विजय मिळविला. १९३२ सालीं प्रख्यात कवि गाब्रिएले दान्नुन्त्सियो यानें त्यास सोन्याचें एक लहानसें कांसव भेट दिलें. सर्वांत वेगवान् माणसास सर्वांत मंद प्राणी, असा त्यांतील विनोद होता. तेव्हांपासून कांसव हें नुव्होलारीचें चिन्ह झालें. पिंवळा सदरा, डोक्यावर कातडी टोपी आणि छातीवर तें कांसव, अशी ती ठेंगणी मूर्ति दिसली कीं प्रेक्षकांत आनंदाची लाट उसळे.

परंतु त्याची खरी कीर्ति ज्या दिवसावर उभी आहे, तो दिवस म्हणजे ता. २८ जुलै १९३५. जर्मनींतील न्युर्बुर्गरिंग हा शर्यतीचा मार्ग जंगलांतून व डोंगरांतून जातो. त्याचा एक फेरा सुमारें २३ किलोमीटरांचा, वळणें दीडशेंहून अधिक, आणि असे २२ फेरे घालावयाचे होते. त्या काळीं जर्मन सरकारच्या पाठबळानें बांधलेल्या मर्सिडीझ व औटो युनियन या मोटारी अजिंक्य मानल्या जात. त्यांच्या नऊ गाड्या उभ्या होत्या. नुव्होलारीची तांबडी आल्फा रोमेओ जुन्या घडणीची असून तिची शक्ति त्यांच्या मानानें पुष्कळच कमी होती. जर्मनीचा विजय डोळ्यांनीं पाहावा म्हणून बडे सरकारी अधिकारी आले होते, आणि जमलेले प्रेक्षक तीन लाखांच्या आसपास होते असें सांगतात.

सकाळीं पाऊस पडून गेल्यानें रस्ता ओला होता. निसरड्या वळणांवर शक्तीपेक्षां हस्तकौशल्याची मातब्बरी अधिक. त्यामुळें दहाव्या फेऱ्यापर्यंत ती तांबडी गाडी सर्वांच्या पुढें आली. नंतर तेल भरण्यासाठीं गाड्या थांबल्या. जर्मन मंडळींचें काम लवकर उरकलें. पण नुव्होलारीचा तेल भरण्याचा पंपच ऐन वेळीं मोडला, डब्यांनीं तेल ओतावें लागलें, व त्यांत दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला. इतरांस वाटलें, झालें, संपलें. तो सहाव्या स्थानावर फेंकला गेला. परंतु रस्त्यावर येतांच त्यानें एकामागून एक गाड्या मागें टाकावयास आरंभ केला, आणि शेवटचा फेरा सुरू झाला तेव्हां त्याच्यापुढें एकटा मान्फ्रेड फॉन ब्राउखिच सुमारें अर्ध्या मिनिटाच्या अंतरावर राहिला होता.

आतां त्या प्रेक्षकांची स्थिति मनांत आणावी. एक फेरा पुरा व्हावयास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. तेवढा वेळ गाड्या दिसत नसत; दिसे तें रिकामा रस्ता आणि दूरचें जंगल. पाठलाग चालू आहे हें ठाऊक, पण तो डोळ्यांआड! आणि अशांत ध्वनिक्षेपकावरून बातमी आली कीं, ब्राउखिचच्या गाडीचें टायर फुटलें. पाठलागाच्या भरांत त्यानें आपलीं टायरें फार झिजविलीं होतीं. लाखों माना एकदम वळल्या. आणि वळणावरून जी पहिली गाडी प्रकट झाली, ती तांबडी होती. क्षणभर सारें मैदान स्तब्ध झालें. त्याच्या मागून आलेल्या आठही गाड्या जर्मन होत्या. चार तासांहून अधिक वेळ चाललेल्या त्या झुंजींत बेचाळीस वर्षांच्या एका माणसानें दुबळ्या यंत्रानिशीं बलाढ्यांस नमविलें होतें. फुटक्या टायरावर गाडी रेटीत ब्राउखिच पांचवा आला, तेव्हां त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. विजेत्याचें कौतुक करतांना त्याच्या अश्रूंचाही विसर पडूं नये.

येथपर्यंतची कथा टाळ्यांची झाली. पण टाळ्या वाजविणारास जें दिसत नाहीं, तेंही सांगितलें पाहिजे. १९३७ सालीं नुव्होलारी शर्यतीसाठीं बोटीनें अमेरिकेस जात असतांना त्याचा थोरला मुलगा जॉर्जो वारला. बापास त्याचें अखेरचें दर्शनही घडलें नाहीं. १९४६ सालीं धाकटा आल्बेर्तोही गेला. दोघांनींही विशी गांठली नव्हती. ज्या माणसास पाहून लाखों घरांत हर्ष होई, त्याचें स्वतःचें घर असें रितें झालें.

तरीही तो थांबला नाहीं. आल्बेर्तोच्या मृत्यूच्याच वर्षीं तुरिन येथें शर्यत चालू असतां गाडीचें सुकाणूचें चक्र त्याच्या हातांत निखळून आलें. तें उंच धरून दाखवीत तो प्रेक्षकांसमोरून गेला! १९४८ सालीं, पंचावन्नाव्या वर्षीं, छातीचा विकार बळावलेला असतांना त्यानें मिल्ले मिल्या शर्यतींत फेरारी गाडी घातली. वाटेंत यंत्रावरील झांकण उडून गेलें, गाडी खिळखिळी झाली, तरी तो सर्वांच्या पुढें होता. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक त्याला पाहून रडत होते असें म्हणतात. शेवटीं माणूस नव्हे, गाडीच मोडली, तेव्हां तो उतरला. पुत्रशोक विसरण्यासाठीं तो मृत्यूस शोधीत फिरे असें पुष्कळांस वाटे. मृत्यूनें त्यास रस्त्यावर गांठलें नाहीं. ता. ११ ऑगस्ट १९५३ रोजीं मान्तुआ येथें तो अंथरुणावर शांतपणें निवर्तला. त्याच्या इच्छेप्रमाणें त्यास शर्यतीचाच पोषाख घालून पुरण्यांत आलें, आणि अंत्ययात्रेस हजारोंचा समुदाय लोटला.

या चरित्रापासून आमच्या वाचकांनीं काय घ्यावें? मोटारींच्या शर्यती पाहूं नयेत असें आम्ही सांगत नाहीं. देवानें दिलेल्या बुद्धीचा, हाताचा व धैर्याचा तो एक अपूर्व देखावा आहे. परंतु प्रेक्षक हा केवळ पाहणारा नसतो. १९३८ च्या मिल्ले मिल्या शर्यतींत बोलोन्या येथें एक गाडी गर्दींत घुसून दहा माणसें ठार झालीं. त्यांत सात लहान मुलें होतीं. १९५७ सालीं नुव्होलारीच्याच मान्तुआ प्रांतांत ग्विदिझोलोजवळ पुन्हां तसेंच घडलें, नऊ प्रेक्षक प्राणांस मुकले, त्यांत पांच मुलें होतीं. आणि त्या खुल्या रस्त्यावरील शर्यतीचा कायमचा शेवट झाला. तीं मुलें आपल्या वडिलांचा हात धरूनच शर्यत पाहावयास आलीं असतील. अधिक जवळून पाहण्याचा मोह आंवरणें हाही एक प्रकारचा पराक्रमच आहे, आणि तो घडवून आणण्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांवर व शर्यत भरविणारांवर असते.

प्रेषित पौलानें ख्रिस्ती जीवितास शर्यतीची उपमा दिली आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्या शर्यतींत दोरीबाहेर उभें राहण्यास कोणासही मुभा नाहीं. तेथें प्रत्येकास आपली गाडी, मग ती जुनी असो, दुबळी असो, स्वतःच हांकावयाची आहे. आणि अर्ध्या वाटेंत पंप मोडला म्हणून कोणीं शर्यत सोडावयाची नाहीं.