बेंजामिन कॉलिन्स ब्रॉडी (रसायनशास्त्रज्ञ)

सर बेंजामिन कॉलिन्स ब्रॉडी, दुसरे बॅरोनेट (५ फेब्रुवारी १८१७, लंडन – २४ नोव्हेंबर १८८०, टॉर्की) हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ होते. इ.स. १८५९ मध्ये त्यांनी ग्राफाइटपासून एक पिवळसर, स्फटिकी पदार्थ तयार केला. तो आज ग्राफाइट ऑक्साइड या नावाने ओळखला जातो आणि त्याचे थर पाण्यात सुटे केले की ग्राफीन ऑक्साइड मिळते. त्यांचे वडील याच नावाचे नामांकित शल्यचिकित्सक व रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. नावांची गल्लत होऊ नये म्हणून हा लेख पुत्राविषयी आहे हे ध्यानात घ्यावे.

जीवन

ब्रॉडी यांचे शिक्षण हॅरो येथे व ऑक्सफर्डच्या बॅलिओल महाविद्यालयात झाले. इ.स. १८३८ मध्ये ते पदवीधर झाले. त्या काळी ऑक्सफर्डची एम.ए. पदवी घेण्यासाठी इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस धर्मकलमांना लेखी संमती द्यावी लागे. ब्रॉडी अज्ञेयवादी होते. मनाला न पटणाऱ्या कागदावर सही करण्यास त्यांनी नकार दिला आणि ही पदवी त्यांना अनेक वर्षे मिळाली नाही. वडिलांच्या प्रतिष्ठेमुळे सगळी दारे उघडी असलेल्या तरुणाने हा तोटा स्वखुशीने पत्करला, हे विशेष होय.

काही काळ कायद्याचा अभ्यास केल्यावर ते जर्मनीतील गीसेन येथे युस्टुस फोन लीबिग यांच्या प्रयोगशाळेत गेले. मधमाश्यांच्या मेणाच्या घटकांवरील त्यांच्या संशोधनास इ.स. १८५० मध्ये रॉयल पदक मिळाले, तत्पूर्वी इ.स. १८४९ मध्येच ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. इ.स. १८५५ मध्ये ऑक्सफर्डनेच त्यांना रसायनशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. इ.स. १८५९ ते १८६१ या काळात ते केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. बेंझॉइल पेरॉक्साइड हे संयुगही त्यांनीच प्रथम तयार केले. प्लॅस्टिक उद्योगात व मुरुमांवरील मलमांत ते आजही वापरले जाते.

ग्राफाइटवरील संशोधन

पेन्सिलीतील काळ्या कांडीला मराठीत शिसे म्हणण्याची रूढी असली तरी तिच्यात शिसे नसते. ती ग्राफाइट व माती यांची असते. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या एकावर एक रचलेल्या थरांची चवड. हिरा, कोळसा आणि ग्राफाइट एकाच मूलद्रव्याची रूपे आहेत हे ठाऊक होते. त्यांच्या गुणधर्मांत एवढा फरक का, हा ब्रॉडी यांच्यापुढील प्रश्न होता.

त्यांनी सिलोनच्या (आताच्या श्रीलंकेच्या) ग्राफाइटची पूड पोटॅशियम क्लोरेटमध्ये मिसळली, तीत वाफाळणारे नायट्रिक अम्ल घातले आणि मिश्रण सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानास तीन-चार दिवस ठेवले. धुऊन, वाळवून हीच क्रिया पुनःपुन्हा केल्यावर काळी पूड फिकट पिवळी झाली. हा पदार्थ शुद्ध पाण्यात पसरे, अम्लयुक्त पाण्यात मात्र पसरत नसे. तापविल्यावर तो एकदम फुटून काळी भुकटी उरे. ब्रॉडी यांनी त्याला ग्राफिक अम्ल म्हटले. ही कृती धोक्याची होती, कारण क्लोरेट व तीव्र अम्ल यांच्या मिश्रणाचा स्फोट होऊ शकतो.

प्रयोग अचूक होता; निष्कर्ष मात्र टिकला नाही. विश्लेषणात कार्बनचे ११, हायड्रोजनचे ४ व ऑक्सिजनचे ५ अणू असे प्रमाण आले. सिलिकॉनच्या एका संयुगाशी साम्य दिसल्याने ब्रॉडी यांनी ११ अणूंचा १३२ हा भार चार समान भागांत वाटला आणि ग्राफाइटमधील कार्बनचा अणुभार १२ नसून ३३ आहे असे मांडले. या रूपाला त्यांनी ग्राफॉन असे नाव दिले. ३३ हा आकडा घेतला की ग्राफाइटची विशिष्ट उष्णता द्यूलाँ व पेती यांच्या नियमातही बसत होती, त्यामुळे त्यांना तो अधिकच पटला. कार्बन या नियमाला अपवाद का, याचा उलगडा विसाव्या शतकात पुंज सिद्धांताने झाला.

अणुविरहित रसायनशास्त्र

धर्मकलमांप्रमाणे अणूही त्यांनी पुराव्यावाचून मान्य केला नाही. अणूंची तारेत ओवलेल्या गोळ्यांची प्रतिरूपे तेव्हा विकली जात. ती त्यांना बालिश वाटत. इ.स. १८६६ मध्ये त्यांनी ग्रीक अक्षरांची बीजगणिती पद्धत मांडली. तीत हायड्रोजनला एक, तर ऑक्सिजनला दोन क्रियांचे चिन्ह होते; क्लोरीनच्या चिन्हात हायड्रोजनचेही चिन्ह येई. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण अनुयायी जवळजवळ मिळाले नाहीत. एकाच अणूइतकी जाडी असलेल्या पत्र्याच्या अभ्यासाचा आरंभ अणू नाकारणाऱ्या माणसाकडे जातो, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

नंतरचा इतिहास व उपयोग

इ.स. १८९८ मध्ये श्टाउडेनमायर यांनी ही कृती सुधारली. इ.स. १९५८ मध्ये हमर्स व ऑफमन यांनी क्लोरेटऐवजी पोटॅशियम परमँगनेट वापरून ती काही तासांवर आणली. ग्राफीनच्या संशोधनाबद्दल गाइम व नोवोसेलोव यांना इ.स. २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर ब्रॉडी यांच्या जुन्या निबंधाकडे पुन्हा लक्ष गेले.

ग्राफाइट विजेचा सुवाहक असून पाण्यापासून अलिप्त राहते. ग्राफीन ऑक्साइड मात्र ऑक्सिजनयुक्त गटांमुळे विद्युत् निरोधक व जलस्नेही असते. त्याचे क्षपण केल्यास वाहकता बऱ्याच अंशी परत येते. त्याच्या पटलातून पाण्याची वाफ जाते, पण हेलियम अडतो, असे इ.स. २०१२ मध्ये मँचेस्टर येथील संशोधकांनी दाखविले.

पाण्यातील रंगद्रव्ये व शिशासारख्या जड धातूंचे आयन त्याच्या पृष्ठभागास चिकटतात. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे व कापड यांचे कारखाने आहेत आणि तेथील सांडपाण्याविरुद्ध किनाऱ्यावरील मच्छीमार समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. अशा ठिकाणच्या सांडपाण्यासाठी हा गुणधर्म मोलाचा ठरू शकतो. मात्र शोषणानंतर हे सूक्ष्म पत्रे पाण्यातून वेगळे काढणे कठीण जाते, आणि ते तयार करतानाच अम्लयुक्त धुवणाचे बरेच पाणी निघते.